केसरजिजीची पात

आमच्या नंदुरबारात हिवाळा थंडीने येत नाही, शिंकेने येतो. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडल्या, म्हणजे मैदानंच्या मैदानं लाल मिरची उन्हात वाळायला पसरली, की वारा फिरतो आणि अख्खं गाव एका सुरात शिंकायला लागतं. बोहल्यावरचा नवरदेव मंगलाष्टकाच्या मधेच शिंकतो, त्यामुळे अक्षता एक कडवं आधीच पडतात आणि पंगत लवकर बसते. कुत्री भुंकण्याआधी शिंकतात, त्यामुळे चोरांना पूर्वसूचना मिळते. एकदा पाहणीला आलेला एक साहेब बसल्या जागी इतक्या जोरात शिंकला की त्याची जीप उलट्या दिशेने सुटली ती थेट धुळ्याला जाऊन थांबली, आणि पाहणी समाधानकारक झाल्याचा अहवाल त्याने तिथूनच दिला. मी मूळचा रनाळ्याचा. आमच्या गावच्या माणसाला पाव किलो गोष्ट सांगायला सांगितली तर तो अर्ध्या किलोच्या खाली तराजू उचलत नाही. तेव्हा वरचं माप वाचकांनी आपापल्या घरी नेऊन पुन्हा तोलून घ्यावं. मात्र यापुढे केसरजिजीबद्दल जे लिहितोय त्यात मी भर घालणार नाही. घालायला तिने जागाच ठेवलेली नाही.

केसरजिजी आमच्या समोरच्या खोलीत राहायची. पथारीवरच्या तीस बायकांची ती मुकादम. अंगाने इतकी काटकुळी की तिन्ही सांजा दिवा लावला तर दिव्याची सावली पडावी, तिची पडू नये. पण जन्म पथारीवर गेल्यामुळे तिच्या तळहातात मिरची कायमची मुरलेली होती. तिने केलेला चहा तिखट लागायचा. तिने डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला तर तीन दिवस टाळू चुणचुणायची, आणि आशीर्वाद लागू पडला याची खात्री पटायची. अशा या बाईला उभ्या आयुष्यात शिंक आलेली कोणी पाहिली नव्हती.

तिची एक खोड होती. मिरची वाळली की नाही हे ती डोळ्यांनी बघायची नाही. कानाशी नेऊन हलवायची. पुरती वाळलेल्या मिरचीत बी खुळखुळतं, ओल्या मिरचीत ते गप्प बसतं. हीच कसोटी तिने पुढे सगळ्या सृष्टीला लावली होती. नारळ, काडेपेटी, विजेचा दिवा, औषधाची बाटली, काहीही हातात आलं की आधी कानाशी. एकदा माझ्या डोक्याकडे तिने त्याच नजरेने पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो होतो.

मी भूगोलाचा मास्तर. जगाची काळजी करण्याबद्दलच सरकार मला पगार देतं अशी माझी प्रामाणिक समजूत होती. त्यामुळे दात घासायच्या आधी फोनवर दोन युद्धं, एक वणवा, वितळणारा बर्फाचा डोंगर आणि माणसाच्या नोकऱ्या खाणारी यंत्रं, एवढा नाश्ता माझा झालेला असायचा. एका उन्हाळ्यात जगातलं पाणी संपत आल्याचं वाचून मी घरातली सगळी पिंपं, पातेली, शेवटी पितळी तांब्यासुद्धा भरून ठेवला आणि झाकणांवर चिठ्ठ्या लावल्या. बायको म्हणाली, "अहो, आंघोळीपुरतं तरी सोडा. जग बुडायचंच असेल तर माणूस धुतलेला बरा."

जिजी रोज सकाळी डबा घेऊन पथारीवर निघाली की माझ्या फाटकाशी थांबायची.

"सर, आज जग कोठे मोडनं?"

मी यादी वाचून दाखवायचो. ती मान तिरकी करून, एक शब्द न सांडता ऐकायची. योग्य ठिकाणी चुकचुकायची. ज्या देशात लढाई चालू असेल त्याच्याबद्दल विचारायची, "तठे काय पिकस?" मी गहू म्हटलं की म्हणायची, "अरे अरे, काढनीवर आलेला असी." हे मला कधी सुचलं नव्हतं. मला त्या देशाची राजधानी ठाऊक असायची, जिजीला तिथल्या गव्हाची काळजी. आणि सगळं ऐकून झालं की डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत ती विचारायची, "बरं. यामा आपली पात कोनती?"

मी म्हणायचो, "जिजी, हे जागतिक प्रश्न आहेत."

"मंग इचार करी ठेव. संध्याकाळले येसू."

आणि खरोखर यायची. पंधरा दिवस मी संध्याकाळी मागच्या दाराने बाहेर पडत होतो.

शेवटी एका रविवारी ती मला दंडाला धरून पथारीवर घेऊन गेली. दंड आठवडाभर झोंबत होता. तिथे पाहतो तर क्षितिजापर्यंत लाल. पृथ्वी गोल आहे हे मी मुलांना इतकी वर्षं शिकवतोय, पण तिचा बाक मला त्या दिवशी प्रथम दिसला, तोही लाल. मी होतो तिथेच खाली बसलो. जिजी म्हणाली, नव्या बायकांचं असंच होतं. सगळं मैदान एकदम बघतात आणि मटकन खाली बसतात. म्हणून तिने शेतातली चाल इथे आणली होती. खुरपणीला बायका शेताच्या उभ्या पट्ट्या वाटून घेतात. प्रत्येकीची पट्टी ती तिची पात. पथारीवरही तसंच, आपली पात धरायची, मिरची उलथीपालथी करत सरकायचं, सडकी वेचायची, आणि पात संपेपर्यंत मान वर करायची नाही.

मला एक पात मिळाली. मी दर दोन मिनिटांनी मान वर करून किती राहिलं ते बघत होतो.

"मान खाले, सर!" तिकडून आवाज आला. "मैदान तुन्हं नही. पात तुन्ही शे."

बायका फिदीफिदी हसल्या. बोटांना मिरची लागलेली, त्यामुळे फोन काढायची सोय नव्हती. एकदा चुकून काढला आणि कानाला लावला. पलीकडून मुख्याध्यापक बोलत होते आणि मी नुसता "हा हा हा" करत होतो. त्यांना वाटलं मी त्यांच्या सूचनेला हसतोय. दुपारपर्यंत माझी पात संपली. डोळ्यांतून जे पाणी गेलं ते नीट वळवलं असतं तर तापीला मिळालं असतं. पण त्या तीन तासांत जग माझ्याशिवाय चाललं होतं, आणि माझ्या मागे वीस हात मिरची नीट पालथी पडली होती.

पुढे एकदा पथारीवर एक पाहुणे व्याख्यानाला आले. हवामान कसं बदलतंय, समुद्र कसा चढतोय, ते त्यांनी मोठ्या तळमळीने आणि अठ्ठावीस शिंकांसह सांगितलं. शेवटी त्यांनी बायकांना विचारलं, "मग भगिनींनो, या पृथ्वीसाठी आपण काय करणार?"

बायकांनी जिजीकडे पाहिलं. जिजी उभी राहिली. "आम्ही रुमलीले धाव्वी पास करी ऱ्हायनूत."

पाहुणे रुमाल नाकाला लावून गोंधळले. "त्याचा पृथ्वीशी काय संबंध?"

"तुमी सांगं ते आमले निम्मं समजनं नही," जिजी म्हणाली. "आमनामा एक तरी शिकेल पाहिजे ना, पुढला टायमाले इचाराले."

रुमली म्हणजे डोंगरात मोलगीच्याही वरच्या एका पाड्यातली, पंचविशीची पावरा आदिवासी बाई. दर हंगामात नवरा दिल्या याच्याबरोबर पथारीवर उतरायची. ती मिरची वेचायची, तो पोती उचलायचा. शाळा आठवीतच सुटलेली. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म जिजीने तिच्याकडून आदल्या वर्षीच भरून घेतला होता. पण त्या वर्षी अवकाळी पाऊस आला, पथारी बुडाली, हंगाम गुंडाळला गेला आणि दोघांना ऊसतोडीला गुजरातेत जावं लागलं. परीक्षा तिकडे उसात गेली. यंदा पुन्हा फॉर्म भरला होता. मार्चपर्यंत पथारी चालली तर रुमली परीक्षेला बसणार, मोडली तर नाही, इतका सरळ हिशेब होता.

घरी पावरी बोलणारी रुमली मराठी शिकली ती पाठ्यपुस्तकातून, त्यामुळे तशीच बोलायची. भूक लागली की "भोजनाची वेळ समीप आली आहे" म्हणायची. अभ्यास एकटीचा नव्हता. ती मोठ्याने वाचायची आणि तीस बायका देठ खुडत ऐकायच्या. डिसेंबरपर्यंत अशी अवस्था आली की बाजारात भाजी घेताना एखादी बाई दुसरीला प्रकाशाचं अपवर्तन समजावून सांगायची. मी भूगोल शिकवायला जायचो. तिसऱ्याच दिवशी बायकांनी माझी एक चूक काढली. ती कोणती ते मी इथे लिहिणार नाही.

जानेवारीत एका शनिवारी दुपारी नवापूरच्या अंगाने ढग उठला. काळा म्हणजे किती? कावळा मधून उडाला तर पांढरा दिसावा. मी शाळेतून धावत पथारीवर पोचलो तेव्हा पथारीचा मालक शेठ डोक्यावर हात मारत ओरडत होता, "झाका! समदं झाका!" मागल्या वर्षीही तो हेच ओरडला होता. तेव्हा बायकांनी समदं झाकायला घेतलं होतं. ताडपत्र्या चार, मैदान बारा बिघे. या बाजूच्या बायका इकडे ओढत, त्या बाजूच्या तिकडे, आणि पाऊस मधून. शेवटी ताडपत्र्या तेवढ्या कोरड्या राहिल्या, कारण त्या फाटून वाऱ्याने उडून गेल्या होत्या.

मी लगेच बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा समजावून द्यायला सुरुवात केली. रुमली हातातलं सूप टाकून ओरडली, "जिजी, सदर ढग आपल्या दिशेने सरकत आहे!"

जिजीने ढगाकडे एकदा पाहिलं, शेजारीण दारात आली तर बघावं तसं. मग म्हणाली, "समद्या बठा. चा पी ल्या."

शेठने छातीला हात लावला. बायका बसल्या. त्या चहा पीत होत्या तेवढ्या वेळात जिजी एकटी पातीपातीतून चालत गेली. प्रत्येक पातीतून एक मिरची उचलायची, कानाशी हलवायची, टाकायची, पुढे जायची. ढग गडगडत होता आणि ही बाई त्या गडगडाटात मिरचीतलं बी ऐकत होती. परत आली तेव्हा कप खाली ठेवले जात होते.

"खुळखुळस ती उचला. पहिल्या अकरा पाती. गप शे ती पडू द्या."

"जिजी!" शेठ कळवळला. "ती गप मिरची बी मन्हीच शे ना!"

"शेठ, ती काल झाडवर व्हती. तिले पानी नवं नही. उठा व पोरीसवन!"

त्यानंतर जे झालं त्याला मी साक्षी आहे. ओरडणं बंद झालं. तीस बायकांनी अकरा पाती झाडून मधे ओढल्या, ढिगावर ढीग चढला, चारही ताडपत्र्या एकाच जागी अंथरल्या गेल्या, कडांवर दगड बसले. दिल्या एका वेळी चार पोती नेत होता. तो चालला की विहिरीतलं पाणी हिंदकळत होतं. मलाही ताडपत्रीच्या एका कोपऱ्यावर बसवण्यात आलं. "दगड कमी पडी ऱ्हायनात," जिजी म्हणाली. भूगोलाचा इतका थेट उपयोग माझ्या हातून आधी कधी झाला नव्हता.

मग पाऊस कोसळला. एकोणीस पाती वाहिल्या. रस्ता लाल झाला, नाला लाल झाला, आणि त्या रात्री गावातले बेडूकसुद्धा शिंकत होते. पण अकरा पाती कोरड्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी शेठने सांगितलं, माल कमी उरला, आता दहा-बारा बायकाच पुरे, आणि हमाल नको. दहा-बारांत रुमली राहिली. दिल्याचं काम गेलं. वर पाड्यात त्याच्या घरी सहा तोंडं खाणारी. त्याच आठवड्यात ऊसतोडीचा टोळीवाला गावात आला. त्याच्या टोळीतलं एक जोडपं आजारी पडून परतलं होतं, त्यांच्या जागी त्याला कोयता हवा होता. तोडीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. तो ऊस तोडणार, ती मोळ्या बांधणार. दिल्या म्हणाला, मी एकटा येतो, दोघांचं काम करतो. टोळीवाल्याने मान हलवली. "एकटा म्हणजे अर्धा कोयता. अर्धा कोयता मी नेत नाही."

रुमलीने पुस्तकं एका फडक्यात बांधली, गाठ मारली, आणि म्हणाली, "पुढील वर्षी प्रयत्न करण्यात येईल."

पथारीवर कोणी हसलं नाही. मी घसा साफ करून स्थलांतर, हवामान आणि शासनाचं धोरण यांवर बोलायला लागलो, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. जिजीने मला हाताने थांबवलं आणि टोळीवाल्याला विचारलं, "मोळी बांधाले कोन लागस?"

"बाई लागते."

"मंग मी काय बैल शे?"

टोळीवाला चपापला. "जिजी, तुमचं वय काय असेल…"

"वय काबरं इचारी ऱ्हायना? मन्हं लगीन लावानं शे का तुले?"

आता जो हशा फुटला तो मोलगीच्या बाजारापर्यंत ऐकू गेला असेल. दिल्या पथारीपेक्षा लाल झाला. "पण जिजी, माझ्या जोडीला तुमचं नाव लिहिणार?"

"लिख ना. मी तुन्ही माय लागस. माय-लेकना कोयता कोनी दखेल नही, तं आते दखतीन." मग रुमलीकडे वळून, "आणि तू मन्ही खोलीमा ऱ्हाय. सकाळी पथारी, मंग अभ्यास. चूल सरनी बायको दखी."

माझ्या बायकोला हे तिने न विचारता ठरवलं होतं. बायको नंतर म्हणाली, विचारलं असतं तर अपमान वाटला असता.

जिजी सामान बांधत होती तेव्हा मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. मनातलं बोलल्याशिवाय राहवेना. "जिजी, या वयात उसात जातेस. एका बाईच्या दहावीसाठी. त्याने जग तर आहे तसंच राहणार ना?"

ती गोधडीची घडी घालत होती. "तसंच ऱ्हाई," ती म्हणाली. "ते टोक धर."

मी टोक धरलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. रुमली परीक्षेला बसली आणि पास झाली. भूगोलात तिला सगळ्यात कमी गुण पडले, यावरून शाळेत माझी बरीच चेष्टा झाली. जिजी मात्र परतलीच नाही. तोड संपल्यावर ती दिल्याबरोबर तशीच वर डोंगरात त्यांच्या पाड्यात गेली, आणि निकालानंतर रुमलीही तिकडे गेली. मोलगीच्या बाजारच्या दिवशी येणारे जीपवाले बातम्या आणतात. एक म्हणतो, जिजीने पाड्यातल्या सतरा बायांकडून सतरा नंबरचे फॉर्म भरून घेतले. दुसरा म्हणतो, ती अस्वलाला पाहून चहा पीत बसली आणि अस्वलच उठून गेलं. मी यातलं निम्मं सोडून देतो. जीपवाले माझ्याहून थापाडे आहेत. पण निम्मं ठेवतो.

मी पाहिलेली शेवटची जिजी मात्र आमच्याच गल्लीतली.

निघायच्या सकाळी रुमली गणिताची सराव परीक्षा देत होती. खोलीच्या ओट्यावर, तीन तास, घड्याळ लावून. निरोप द्यायला उठायचं नाही, हा जिजीचा हुकूम. मला पर्यवेक्षक म्हणून खुर्ची टाकून बसवलं होतं. आमची गल्ली इतकी अरुंद की टेम्पोला बाहेर पडायचं तर त्याच ओट्यासमोरून जायला हवं. आणि तो टेम्पो! त्याच्या इंजिनाने भिंतीवरच्या तसबिरी सरळ व्हायच्या, हॉर्नमधून अख्खं गाणं वाजायचं. वर वीस माणसं, गोधड्या, पातेली, दोन कोंबड्या आणि एक शेळी.

टेम्पो कोपऱ्यावर आला आणि वरून जिजीचा आवाज आला, "बंद कर रे. पोर पेपर लिखी ऱ्हायनी."

इंजिन बंद पडलं. मग जिजी सोडून एकेक करत सगळे खाली उतरले. बायकांनी पातेली पोटाशी धरली, वाजू नयेत म्हणून. एकाने शेळीचं तोंड मुठीत धरलं. कोंबड्यांवर पदर पडला. आणि बाकीच्यांनी तो टेम्पो ढकलायला घेतला. मी शपथेवर सांगतो, त्याची चाकं जमिनीला टेकत असतील तर नुसती नावाला. दिल्या मागे होता. खांदा लावून, मान खाली घालून तो आपल्या बायकोपासून चार हातांवरून गेला. एक शब्द नाही. चप्पलसुद्धा हातात घेतली होती.

वर गोधड्यांच्या ढिगावर एकटी जिजी बसली होती, मिरवणुकीत बसावं तशी. मी खुर्चीतून अर्धा उठलो, काहीतरी बोलावं म्हणून. तिने ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की मी होतो तसा, अर्धा उठलेला, थांबलो. टेम्पो ओट्यासमोरून सरकला, कोपऱ्यावर वळला. आधी जिजीचं डोकं दिसेनासं झालं, मग शेळीचं.

बऱ्याच वेळाने खूप लांबून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मी अजून तसाच, अर्धा उठलेला होतो.

"सर," रुमली कागदाकडे बघतच म्हणाली, "पुरवणी."